योजनेचं बिल रुग्णाच्या हातात द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महात्मा फुले जन आरोग्य योजना, आयुष्मान भारत अशा मोफत उपचारांच्या शासकीय योजनांमधल्या बोगस बिलांच्या बातम्या आपल्या पानांवर अधूनमधून येतात. अमुक रुग्णालय यादीतून काढलं, तमुक कोटींचे दावे फेटाळले, चौकशीचे आदेश निघाले. बातमी वाचून होते आणि आपण पान उलटतो. पैसा सरकारचा, भांडण सरकारचं आणि रुग्णालयाचं, आपल्याला काय त्याचं, अशी समजूत असते. मी स्थानिक निधी लेखापरीक्षेतून निवृत्त झाले. जिल्हा परिषद, पंचायत समित्या, नगरपालिका यांची दप्तरं तपासण्यात माझी नोकरी गेली. त्या अनुभवावरून एकच गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. या योजनांमध्ये उपचार झाले की नाही, किती झाले, याचा पहिला साक्षीदार रुग्ण असतो. आणि त्याच्या नावावर किती रक्कम लावली, हे नेमकं त्यालाच कुणी दाखवत नाही. ते दाखवलं पाहिजे. लेखी, मराठीत, घरी सोडायच्या आधी.

आमच्याकडे नाशिकच्या इंदिरानगरला पोळ्या करायला येणाऱ्या मावशी मूळच्या पेठ तालुक्यातल्या. त्यांचे यजमान पाथर्डी फाट्याजवळ एका बांधकामावर वॉचमन आहेत. पावसाळ्यात शेवाळलेल्या पायऱ्यांवरून ते घसरले आणि मांडीचं हाड मोडलं. योजनेच्या यादीतल्या शहरातल्याच एका खासगी रुग्णालयात त्यांना दाखल केलं. पिवळं रेशनकार्ड होतं, आधार होतं, मंजुरी आली, ऑपरेशन झालं. इथपर्यंत सगळं नीट. रुग्णालयाचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण लेखी तक्रार योग्य जागी दिलेली आहे.

मावशींनी माझ्याकडे आठ हजार उसने मागितले तेव्हा मी विचारलं, योजनेत सगळं फुकट असताना पैसे कशाला? त्यांनी पिशवीतून एक कागद काढून दिला. औषध कंपन्या डॉक्टरांना जाहिरातीची पॅडं वाटतात, तसल्या पॅडचं पान. वर कुठल्याशा गोळीचं नाव छापलेलं आणि खाली निळ्या बॉलपेनने लिहिलेलं: 'रॉड फरक 18,000 जमा'. एक लपेटदार सही. रुग्णालयाचं नाव नाही, तारीख नाही, पावती क्रमांक नाही, शिक्का नाही. दहा हजार त्यांनी बचत गटातून आणि मुकादमाकडून उचलून भरले होते. उरलेले आठ नातेवाइकाने तात्पुरते दिले होते आणि ते आता परत द्यायचे होते. त्यांना सांगितलं गेलं होतं की योजनेतला रॉड हलका असतो, भारी टाकायचा तर फरक भरावा लागेल. नवऱ्याच्या पायात हलकी वस्तू टाका, असं कुठली बाई म्हणेल?

घरी सोडायच्या दिवशी मी सोबत गेले. काउंटरवरच्या मुलाने कागदांचा एक गठ्ठा पुढे सरकवला आणि पेनाच्या टोकाने जागा दाखवत गेला: इथे, इथे आणि इथे. यजमानांचा अंगठा, मावशींची सही. मावशी बचत गटात सही करायला शिकल्या आहेत, एकेक अक्षर जुळवत करतात, त्यामुळे मला कागद वाचायला वेळ मिळाला. एका कागदावर छापलं होतं की उपचारासाठी माझ्याकडून कोणतीही रक्कम घेण्यात आलेली नाही. अठरा हजारांची चिठ्ठी त्या वेळी मावशींच्या पिशवीत होती. दुसरा कागद म्हणजे परतीचं प्रवासभाडं रोख मिळाल्याची पोहोच. रकमेचा रकाना कोरा. आमच्या खात्यात कोऱ्या रकान्याच्या प्रमाणकावर, म्हणजे व्हाउचरवर, सही घेतलेली सापडली की अर्धसमास, म्हणजे लेखी आक्षेप, निघायचा आणि संबंधिताला उत्तर द्यावं लागायचं. मी त्या रकान्यावर बोट ठेवलं. मुलगा म्हणाला, "मॅडम, ती नुसती फॉर्मॅलिटी असते." भाडं मिळालं नव्हतंच. रिक्षाचे पैसे मावशींनी दिले.

मी विचारलं, यांच्या उपचारांचे योजनेकडे किती रुपये मागितले? उत्तर आलं, ते ऑनलाइन असतं, तुम्हाला दिसणार नाही.

तक्रारीनंतर अठरा हजार परत आले. रोख, पुन्हा पावतीशिवाय, आणि 'आमची काही तक्रार नाही' अशा मजकुरावर सही घेऊन. मावशींचं कर्ज फिटलं म्हणून त्या समाधानी आहेत. मी नाही. योजनेकडे काय मागणी लावली, हा माझा प्रश्न तिथेच राहिला. पायात जो रॉड आहे त्याचं स्टिकर कुठल्या कागदावर चिकटवलं, डिस्चार्ज कार्डावर अतिदक्षता विभागाचे दिवस का लिहिले (मावशी सगळ्या रात्री जनरल वॉर्डात त्यांच्या खाटेशेजारी सतरंजीवर झोपल्या होत्या), यातलं काहीही आम्हाला कळलेलं नाही.

हे का महत्त्वाचं आहे ते सांगते. 2012 साली आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, पुढच्या वर्षी ती राज्यभर आली, 2017 पासून तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. केंद्राची आयुष्मान भारत सप्टेंबर 2018 ची. 2020 पासून आपल्याकडे दोन्ही एकत्र चालतात. आता संरक्षण कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांचं आहे आणि जुलै 2024 पासून पांढऱ्या कार्डासह सगळ्या रेशनकार्डधारकांना ते लागू आहे. म्हणजे हे पत्र वाचणारे बहुतेक जण लाभार्थी आहेत. पण हे पाच लाख माणशी नाहीत, सगळ्या कुटुंबाला मिळून आहेत. मावशींच्या त्याच कार्डावर त्यांचे दीर आहेत. त्यांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली आहेत आणि डायलिसिस योजनेतूनच चालू आहे. वॉचमनच्या पायाच्या नावाखाली न झालेल्या गोष्टींची रक्कम लावली गेली असेल, तर ती त्यांच्या दिराच्या डायलिसिसमधून गेली. वर्ष संपायच्या आत शिल्लक संपली तर त्यांना कारण कोण सांगणार? आपल्या नावावर खोटं बिल लागलं म्हणजे सरकारचं नुकसान झालं, असं समजून गप्प बसणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून बघावा.

खोटी बिलं किती तऱ्हांची असतात हे दप्तर तपासणाऱ्याला लगेच कळतं. नसलेला रुग्ण दाखवायचा, असलेल्या रुग्णाचा नसलेला आजार दाखवायचा, राहिला नाही इतके दिवस दाखवायचे, किंवा झोपला नाही ती खाट दाखवायची. शेवटची तऱ्हा सगळ्यात सोपी. औषधोपचाराच्या केसेसमध्ये दर दिवसाप्रमाणे आणि खाटेच्या प्रकाराप्रमाणे ठरतो. आयुष्मानच्या सुरुवातीच्या दरपत्रकात जनरल वॉर्डाला दिवसाला 1,800 रुपये होते आणि व्हेंटिलेटरसह अतिदक्षतेला 4,500. मधला फरक मिळवायला कुणाला काही कापावं लागत नाही, फक्त एक शब्द बदलावा लागतो. आणि तो बदललेला शब्द ओळखू शकेल असा माणूस म्हणजे त्या खाटेवर झोपलेला रुग्ण किंवा त्याच्या उशाशी बसलेली बायको.

भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांचा आयुष्मान भारतवरचा अहवाल ऑगस्ट 2023 मध्ये संसदेत मांडला गेला. मी तो व्यवसायाच्या सवयीने वाचला. सगळ्यात गाजला तो मोबाईल क्रमांकाचा परिच्छेद. 7,49,820 लाभार्थी 9999999999 या एकाच क्रमांकाशी जोडलेले होते, आणखी 1,39,300 जण 8888888888 शी. संगणकप्रणालीत आधी मृत दाखवलेल्या 3,446 रुग्णांच्या उपचारांपोटी 6.97 कोटी रुपये दिल्याची नोंदही त्यात आहे. मोबाईलबाबत मंत्रालयाने खुलासा केला की लाभार्थी पात्र आहे की नाही हे मोबाईल क्रमांकावरून ठरत नाही, ते इतर कागदपत्रांवरून ठरतं. खुलासा खरा आहे. पण माझा आक्षेप वेगळा आहे. उपचार झाल्यावर त्या माणसाला फोन करून 'तुमच्याकडून पैसे घेतले का, तुम्ही किती दिवस दाखल होता' असं विचारायचं, तर तो क्रमांकच हाताशी हवा. साडेसात लाख माणसांच्या नावापुढे नऊचा आकडा दहा वेळा लिहिला म्हणजे त्यांना विचारायची वाटच बंद झाली. पात्रता कागदावरून ठरते. लबाडी मात्र माणसाला विचारल्याशिवाय पकडता येत नाही.

सरकार काहीच करत नाही असं मी म्हणणार नाही. 2025 मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार देशभरात 1,114 रुग्णालयं आयुष्मानच्या यादीतून काढली, 549 निलंबित केली आणि खासगी रुग्णालयांचे 562 कोटींहून जास्त रकमेचे 2.7 लाख दावे अपात्र ठरवले. राष्ट्रीय पातळीवर गैरप्रकारविरोधी कक्ष आहे, संशयास्पद दावे संगणक बाजूला काढतो. हे चांगलं आहे. पण संगणकाला कागद दिसतो. रुग्णालयाने पाठवलेला कागद, फोटो, एक्स-रे. मावशींच्या सहीचा 'रक्कम घेतली नाही' हा कागद संगणकाने तपासला तर तो अगदी बरोबर निघेल.

आणि प्रश्न पैशावर थांबत नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातल्या बोरिसणा गावात मोफत शिबिर झालं. तिथून 19 जणांना अहमदाबादच्या एका खासगी रुग्णालयात नेलं, आयुष्मान कार्डावर सगळ्यांची अँजिओग्राफी केली, सात जणांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत स्टेंट, म्हणजे जाळ्या, टाकल्या. दोघं दगावले. पोलीस तपास झाला, अटका झाल्या. त्याआधी, 2012 च्या सुमारास, बिहार आणि छत्तीसगडमध्ये तेव्हाच्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेच्या कार्डावर गरज नसताना बायकांची गर्भाशयं काढल्याची प्रकरणं उघडकीला आली होती. त्यावरच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2023 मध्ये राज्यांना मार्गदर्शक तत्त्वं लागू करायला सांगितलं. अशीच गर्भाशयं काढलेल्या बीडच्या ऊसतोड बायकांचं दुःख 2019 साली आपण सगळ्यांनी वाचलं आहे. सुरगाणा-पेठच्या बायका द्राक्षाच्या कामाला निफाड-दिंडोरीत उतरतात. रोज बुडवून दवाखान्यात आलेल्या अशा बाईला 'गर्भपिशवी काढून टाका, योजनेत बसतं, पैसे लागणार नाहीत' असं कुणी म्हटलं, तर दुसरं मत घ्यायला ती कुठे जाणार? त्र्यंबक नाक्यावरच्या सिव्हिलमध्ये मोफत विचारता येतं, हेसुद्धा तिला कुणीतरी सांगावं लागतं.

रुग्णालयांची बाजू मला ठाऊक आहे. पॅकेजचे, म्हणजे एकेका उपचाराला ठरवून दिलेले एकरकमी, दर परवडत नाहीत, दाव्यांचे पैसे महिनोन्‌महिने अडकतात, क्षुल्लक त्रुटी काढून फाईल परत येते. माझ्या ओळखीचे एक अस्थिरोगतज्ज्ञ योजनेतल्या रुग्णांकडून एक पैसा घेत नाहीत आणि स्वतःच्या थकीत रकमेसाठी मुंबईला पत्रं लिहितात. अशा माणसांचे पैसे सरकारने वेळेवर दिलेच पाहिजेत. दर कमी असतील तर ते वाढवून मागावेत, भांडून घ्यावेत. पण थकलेल्या रकमेची वसुली मावशींच्या पिशवीतून करायचा अधिकार कुणाला नाही. पॅकेजमध्ये तपासण्या, औषधं, इम्प्लांट, जेवण हे सगळं धरलेलं असतं. 'हलका-भारी' हा शब्द तिथे उच्चारायलाच जागा नाही. स्टेंटच्या किमतीवर तर औषध दर प्राधिकरणाने फेब्रुवारी 2017 मध्येच मर्यादा घातली, तेव्हा साध्या स्टेंटला 7,260 आणि औषधयुक्त स्टेंटला 29,600 रुपये. तरीही 'परदेशी हवा तर वरचे भरा' हे वाक्य नातेवाइकांच्या तोंडून मी अजून ऐकते.

आता मागणी. रेशन दुकानात पाच किलो धान्यासाठी अंगठा लावला की पॉस मशीनमधून पावती निघते. किती गहू, किती तांदूळ, सगळं तिच्यावर छापलेलं. त्याच रेशनकार्डावर लाखाचं ऑपरेशन होतं तेव्हा रुग्णाला काहीच मिळत नाही. घरी सोडताना एक पान द्या. त्यावर आजाराचं आणि ऑपरेशनचं नाव मराठीत, दाखल झाल्याची आणि सोडल्याची तारीख, कुठल्या वॉर्डात किती दिवस, शरीरात काही बसवलं असेल तर त्याचा क्रमांक, योजनेकडे मागितलेली रक्कम आणि कुटुंबाच्या पाच लाखांतली शिल्लक. रुग्णाने किंवा नातेवाइकाने ते वाचावं, मग सही करावी, आणि एक प्रत घरी न्यावी. पुढे दावा मंजूर झाला की मंजूर रकमेचा मेसेज यावा. ही सगळी माहिती प्रणालीत आधीपासून भरलेली असते, छापून द्यायला एका कागदाचा खर्च आहे. कुणी म्हणेल, यांना वाचता येत नाही. मावशींची नात नववीत आहे, ती खडाखडा वाचते. प्रत्येक घरात अशी एक नात किंवा नातू आता आहे.

दुसरी गोष्ट आरोग्यमित्रांची. रुग्णालयात रुग्णाच्या बाजूने उभं राहायला त्यांना नेमलेलं असतं, पण नेमणूक कंपनीमार्फत, कंत्राटी, आणि रोजचं बसणं त्याच रुग्णालयाच्या दालनात, त्याच कर्मचाऱ्यांच्या शेजारी. आमच्या खात्यात एकाच संस्थेची तपासणी वर्षानुवर्षं एकाच माणसाकडे ठेवत नसत. आरोग्यमित्रांना नीट पगार द्या, ठरावीक काळाने जागा बदला. आणि घरी सोडताना रुग्णाशी होणारं बोलणं काउंटरवर न करता, रुग्णालयाचं कुणी जवळ नसताना करू द्या. पैसे घेतले का, हा प्रश्न पैसे घेणाऱ्यासमोर विचारून उत्तर मिळत नाही.

महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत 2021 साली सुधारणा झाली. त्यानुसार दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. नाशिकच्या किती रुग्णालयांत ती लावलेली आहे, आणि लावलेली असेल तर ती कुंडीमागे आहे की डोळ्यांसमोर, हे आपल्या वार्ताहरांनी एकदा फिरून बघावं. आरोग्य विज्ञान विद्यापीठ म्हसरूळला, आपल्या शहरात आहे. रुग्णाला हिशेब समजावून सांगणं हाही वैद्यकीय शिक्षणाचा भाग का असू नये, असं मी तिथल्या अधिकाऱ्यांनाही लिहिलं आहे.

वाचकांना विनंती आहे. कोऱ्या रकान्यावर सही करू नका. साध्या कागदावरची चिठ्ठी घेऊन पैसे भरू नका, छापील पावती मागा, ती देत नाहीत म्हणजे काय ते समजा. भरले असतील तर चिठ्ठी फेकू नका, फोटो काढून ठेवा. मावशींची तक्रार त्या गोळीच्या जाहिरातीच्या पानावरच उभी राहिली. तक्रारीसाठी फुले योजनेचे मोफत क्रमांक 155388 आणि 18002332200 आहेत, आयुष्मानचा 14555. फोनवर तक्रार क्रमांक मागून घ्या आणि लिहून ठेवा, क्रमांकाशिवाय पाठपुरावा होत नाही. संपादक महाशय, हे तीन आकडे आपण रोज एका कोपऱ्यात छापलेत तर फार उपकार होतील.

माझ्याबरोबर निवृत्त झालेल्या दोघी-तिघींशी मी बोलले आहे. योजनेत उपचार घेतलेल्या कुणाला डिस्चार्ज कार्ड, पावत्या, चिठ्ठ्या वाचून हव्या असतील, तक्रार अर्ज लिहून हवा असेल, तर आम्ही ते विनामूल्य करू. माझा पत्ता आणि फोन आपल्याकडे आहे. विचारणा करणाऱ्यांना तो जरूर द्यावा. कागद सगळे आणायला सांगा, मेडिकलची बिलं आणि साध्या कागदावरच्या चिठ्ठ्यासुद्धा.

आपली,
एक निवृत्त लेखापरीक्षक
इंदिरानगर, नाशिक
(नाव व पत्ता संपादकांकडे)